मेडिकल कोडिंग कुठून सुरू करायचं? नाशिकच्या नवशिक्यांसाठी

बी.फार्म., बीपीटी, नर्सिंग, बीएचएमएस झालेली किंवा लाइफ सायन्समध्ये बी.एस्सी. केलेली बरीच नाशिककर मुलं-मुली मेडिकल कोडिंगची चौकशी करतात. म्हणजे रुग्णाचं निदान आणि त्याच्यावर झालेले उपचार विम्याच्या बिलासाठी ठरावीक कोडमध्ये लिहायचं काम, बहुधा अमेरिकेतल्या बिलांसाठी. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: किती कोड पाठ करावे लागतात? एकही नाही. परीक्षेलासुद्धा कोडचं पुस्तक शेजारी घेऊन बसायची परवानगी असते. कोडरचं खरं काम वाचनाचं आहे. डॉक्टरांनी नेमकं काय केलं ते त्यांच्या नोंदीतून समजून घ्यायचं आणि जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच कोड द्यायचा. ज्याला नोंद वाचता येते त्याला पुस्तक वापरणं लवकर जमतं. आधी पुस्तक आणि मग नोंद, असं उलटं गेलेल्यांची फार दमछाक होते.

हा लेख प्रोसिजर कोडिंगपुरता आहे. म्हणजे रुग्णावर जे केलं, त्याचे कोड: शस्त्रक्रिया, टाके, एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, लस. आजाराच्या निदानाचे कोड हा वेगळा विषय आहे, पण तो पूर्ण टाळता येत नाही, कारण प्रत्येक प्रोसिजरमागे ती का केली हे सांगणारं निदान लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशनशेजारी नुसत्या सर्दीचं निदान दिसलं तर क्लेम परत येणारच.

कोणत्या कामाला कोणते कोड

सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून हे आधी पक्कं करा.

सीपीटी हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे कोड, पहिल्यांदा १९६६ साली प्रसिद्ध झालेले. मुख्य कोड पाच आकडी असतात. अमेरिकेत डॉक्टरांच्या सेवेची आणि ओपीडी-डे केअरमधल्या कामाची बिलं यावर जातात. दर १ जानेवारीला नवी आवृत्ती लागू होते. सीपीटीमध्ये जे बसत नाही, म्हणजे इंजेक्शनची औषधं, व्हीलचेअर, कृत्रिम अवयव वगैरे, त्यासाठी एचसीपीसीएस लेव्हल टू आहे. त्यात एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार आकडे असतात. या क्षेत्रातले लोक त्याला 'हिकपिक्स' म्हणतात.

आयसीडी-१०-पीसीएस हे अमेरिकेतल्या रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णांच्या प्रोसिजरचे कोड, सात अक्षर-आकड्यांचे. निदानाच्या आयसीडी-१०-सीएम कोडसोबत ते १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आले. त्यांचं नवं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. भरती रुग्णाचं एकच ऑपरेशन दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिलं जातं: सर्जनच्या बिलात सीपीटी, रुग्णालयाच्या बिलात पीसीएस. हातात आलेला चार्ट, म्हणजे रुग्णाच्या नोंदींचा संच, कुणाच्या बाजूचा आहे, हे आधी बघायचं.

आपल्याकडच्या विम्याचे आणि सरकारी योजनांचे कोड याहून वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे.

पहिले दोन महिने: शरीर आणि शब्द

अ‍ॅनाटॉमी नव्यानं करा, पण परीक्षेसाठी केली होती तशी नको. कोडरला लागतं ते असं: लहान आतड्याचे तीन भाग कोणते, मोठ्या आतड्यात सीकमपासून रेक्टमपर्यंत क्रम काय, पित्ताशयाची नळी कुठे मिळते, गुडघ्यात आतला आणि बाहेरचा असे दोन मेनिस्कस असतात. हाताने आकृत्या काढा. नाशिकमध्ये नर्सिंग, फार्मसी, आयुर्वेद, होमिओपॅथीची कॉलेजं भरपूर असल्यानं पहिल्या वर्षाची जुनी पुस्तकं ओळखीपाळखीत मिळून जातात. अ‍ॅनाटॉमीला जुनं पुस्तक चालतं. कोडचं पुस्तक मात्र चालू वर्षाचंच हवं.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी शब्दांची भीती वाटते. ती अनाठायी आहे, कारण हे शब्द तुकडे जोडून बनलेले असतात आणि शेवटचा तुकडा बहुतेक वेळा प्रोसिजर सांगतो. एक्टमी म्हणजे काढून टाकणं. ऑटमी म्हणजे कापून उघडणं. ऑस्टमी म्हणजे नवं तोंड तयार करणं. प्लास्टी म्हणजे दुरुस्ती किंवा पुनर्रचना, पेक्सी म्हणजे सैल झालेला अवयव जागेवर बसवून पक्का करणं, आणि स्कोपी म्हणजे दुर्बिणीनं पाहणं. कोलेक्टमी, कोलॉटमी आणि कोलॉस्टमी कानाला जवळजवळ सारखे लागतात, पण ती तीन वेगळी ऑपरेशनं आहेत. असे पन्नास-साठ तुकडे वहीत उतरवले की अनोळखी शब्दही उलगडायला लागतो.

ऑपरेशन नोट कशी वाचायची

हा भाग घाईनं संपवू नका.

ऑपरेशन नोटला वर शीर्षक असतं, मग आधीचं निदान, नंतरचं निदान, केलेल्या प्रोसिजरचं नाव, भूल कोणती, आणि खाली सविस्तर वर्णन. नवशिक्या शीर्षक वाचतो आणि कोड शोधायला धावतो. कोड मात्र वर्णनावरून द्यायचा असतो. शीर्षकात ठरवलेलं ऑपरेशन असतं, प्रत्यक्षात काय झालं ते खालच्या मजकुरात असतं.

समजा, शीर्षक आहे 'लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टमी', म्हणजे दुर्बिणीनं पित्ताशय काढणं. सीपीटीमध्ये त्याचा कोड ४७५६२, आणि पित्तनलिकेचा कोलँजिओग्राम (औषध सोडून काढलेला एक्स-रे) केला असेल तर ४७५६३. आता वर्णन वाचा: कॅमेरा आत घातला, पित्ताशयाभोवती घट्ट चिकटलेल्या उती, नळी आणि रक्तवाहिनी वेगळी ओळखता येईना, म्हणून उजव्या बरगडीखाली छेद घेऊन पित्ताशय काढलं. ऑपरेशन दुर्बिणीनं सुरू झालं आणि उघड्यानं संपलं. सीपीटीच्या नियमानं अशा वेळी फक्त उघड्या शस्त्रक्रियेचा कोड लागतो, ४७६००. दुर्बिणीचा वेगळा लागत नाही.

हाच चार्ट रुग्णालयाच्या बाजूनं पीसीएसमध्ये करायचा असेल तर नियम वेगळा. तिथं दोन कोड जातात: दुर्बिणीनं केलेली पाहणी आणि उघड्यानं केलेलं पित्ताशयाचं रिसेक्शन, म्हणजे ते पूर्ण काढणं. निदानाच्या बाजूला 'दुर्बिणीचं ऑपरेशन उघड्यात बदललं' हे सांगणारा झेड५३.३१ हा कोडही आहे. ऑपरेशन एकच, पण कोणाच्या नियमांनी बघतो त्यावर उत्तर बदलतं.

वाचताना पेन्सिल घ्या आणि या गोष्टींवर खूण करा: कुठला अवयव आणि त्याचा कुठला भाग, डावी की उजवी बाजू, आत जायचा मार्ग, पूर्ण काढलं की थोडं, किती सेंटिमीटर, किती ठिकाणी, आत जाळी किंवा इम्प्लांट राहिलं का. 'आणि' व 'किंवा' या शब्दांवर खास नजर ठेवा. गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीत, म्हणजे सांध्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, आतला किंवा बाहेरचा, यापैकी एक मेनिस्कस कापला असेल तर २९८८१, आणि दोन्ही कापले असतील तर २९८८०.

नोंद अर्धवट असेल तर? अंदाज बांधायचा नाही. डॉक्टरांकडे लेखी शंका पाठवायची, तीही मोकळ्या प्रश्नाच्या रूपात. 'जखमेची लांबी नोंदलेली नाही, कृपया कळवावी' असं लिहायचं. '५ सेंटिमीटरच होती ना?' असं कधीही विचारायचं नाही. उत्तर त्यांच्या तोंडी घालणं हा गैरप्रकार धरला जातो.

पुस्तकात शोधण्याची रीत

मागच्या अनुक्रमणिकेत प्रोसिजर, अवयव किंवा आजाराच्या नावानं शोधा. तिथं एखादा कोड किंवा कोडची रेंज मिळेल. अनुक्रमणिकेवरून थेट कोड देऊ नका. तो आकडा घेऊन मुख्य यादीत जा आणि तिथलं पूर्ण वर्णन, त्याच्या आगेमागचे कोड, कंसातल्या सूचना आणि त्या विभागाच्या सुरुवातीचे नियम वाचा. चुकीचे कोड बहुतेक वेळा त्या न वाचलेल्या नियमांमुळेच जातात.

सीपीटीत अर्धविरामाला मोठा अर्थ आहे. मुख्य कोडच्या वर्णनात अर्धविरामाच्या आधीचा भाग खालच्या, थोडं आत सरकवून छापलेल्या कोडलाही लागू असतो. तिथं तो पुन्हा छापत नाहीत. म्हणून आत सरकवलेला कोड दिसला की वर जाऊन मूळ वाक्य वाचायचं. अधिकचं चिन्ह असलेला कोड एकटा जात नाही, तो दुसऱ्या मुख्य कोडसोबतच लागतो.

एक केस शेवटपर्यंत

केस आपल्या मातीतली घेऊ, नियम सीपीटीचे लावू. ऑक्टोबरची गोडी छाटणी चालू आहे. निफाडकडच्या द्राक्षबागेत काम करताना एक जण घसरून तारेवर पडला, हातात छाटणीची कात्री. नोंदीत लिहिलंय: डाव्या तर्जनीवर २ सेंमी जखम, एका थरात टाके. डाव्या पुढच्या हातावर ३ सेंमी, एका थरात टाके. उजव्या पोटरीवर ४ सेंमी, आतल्या थराला वेगळे टाके घेऊन थरांनी शिवली. गालावर २ सेंमी, एका थरात टाके. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दिली.

आधी प्रत्येक जखम साधी, मध्यम की गुंतागुंतीची हे ठरवा. थरांनी शिवलेली पोटरी मध्यम, बाकीच्या तीन साध्या. मग शरीराचे गट पाडा. साध्या टाक्यांमध्ये डोकं, मान, धड आणि हात-पाय एका गटात येतात, पंजे आणि पावलंसुद्धा. चेहरा वेगळ्या गटात. एकाच प्रकारच्या आणि एकाच गटातल्या जखमांची लांबी बेरीज करायची असते, प्रत्येकीला वेगळा कोड द्यायचा नसतो.

म्हणजे तर्जनी २ अधिक पुढचा हात ३, एकूण ५ सेंमी. साध्या टाक्यांच्या २.६ ते ७.५ सेंमीच्या टप्प्यात बसतं, कोड १२००२. गाल २ सेंमी, चेहऱ्याच्या गटात २.५ सेंमीपर्यंत, कोड १२०११. पोटरी ४ सेंमी, मध्यम, कोड १२०३२. हीच जखम पावलावर असती तर १२०४२ लागला असता, कारण मध्यम टाक्यांमध्ये पंजे आणि पावलं वेगळ्या गटात जातात. साध्या टाक्यांमध्ये एकत्र असलेले अवयव मध्यममध्ये फुटतात, म्हणून गटांची यादी दरवेळी वाचायचीच.

सगळ्यात गुंतागुंतीचं काम वर लिहायचं: १२०३२, मग १२००२ आणि १२०११, या दोन्हींना मॉडिफायर ५९. मॉडिफायर म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षर-आकड्यांची खूण; ५९ सांगतो की हे काम वेगळं आहे. लसीचे दोन कोड: लस ९०७१४ आणि ती टोचण्याचा ९०४७१.

आता नोंदीत एकच वाक्य वाढवा: 'पुढच्या हाताच्या जखमेत बागेची माती मोठ्या प्रमाणात, बराच वेळ धुऊन कण काढले.' टाके एकाच थरात असले तरी खूप घाण झालेली जखम अशी मेहनतीनं साफ केली असेल, तर सीपीटी ती मध्यम धरतं. मग पुढचा हात ३ आणि पोटरी ४ मिळून ७ सेंमी, कोड १२०३२ तोच राहिला, पण साध्यात तर्जनी एकटी उरली, २ सेंमी, कोड १२००१. गाल आहे तसाच. आणि तर्जनीची जखम टाके न घालता नुसत्या चिकटपट्टीनं जोडली असती, तर तिला टाक्यांचा कोडच लागला नसता. ते काम तपासणीच्या भेटीत धरलं जातं.

अशी रोज एक केस सोडवा, आणि प्रत्येक कोडपुढे नोंदीतलं कोणतं वाक्य त्याला आधार देतं ते लिहा. आधाराचं वाक्य सापडलं नाही तर तो कोड खोडा.

एकात दुसरं धरलेलं असतं

मोठ्या कामात छोटं काम सामावलेलं असेल तर छोट्याचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. कोलोनोस्कोपी करताना नुसतं पाहिलं तर ४५३७८. बायोप्सी घेतली तर ४५३८०, आणि त्यात पाहणं आलंच. फासा टाकून पॉलिप काढला तर ४५३८५. एकाच पॉलिपची आधी बायोप्सी घेऊन मग तोच काढला तर फक्त ४५३८५. पॉलिप सिग्मॉइडमध्ये आणि बायोप्सी सीकममधल्या वेगळ्या जागेची असेल, तर दोन्ही कोड, बायोप्सीला ५९ जोडून.

कोणत्या जोड्या एकत्र चालत नाहीत याची यादी अमेरिकेची सीएमएस ही सरकारी संस्था प्रसिद्ध करते, तिला एनसीसीआय म्हणतात. यादी आणि तिचं धोरण-पुस्तक मोफत उतरवता येतं. ५९ लावला की जोडी सुटते, म्हणून तो सवयीनं लावणारे असतात. मला हे अजिबात मान्य नाही. जागा वेगळी होती, हे नोंदीत दाखवता येत असेल तरच ५९.

बाकीच्या मॉडिफायरपैकी सुरुवातीला थोडे पुरेत: डावं एलटी, उजवं आरटी, दोन्ही बाजू ५०, आणि त्याच दिवशी प्रोसिजरपेक्षा वेगळी, ठळक तपासणी झाली तर त्या भेटीला २५. एक्स-रेचा फक्त अहवाल वाचला तर २६. ईसीजीला मात्र २६ लागत नाही, कारण तिथं कोडच फोडलेले आहेत: पूर्ण ९३०००, नुसती पट्टी ९३००५, नुसता अहवाल ९३०१०.

पीसीएस पदरचे पैसे न घालता शिका

सीपीटीचे हक्क राखीव आहेत, पुस्तक विकत घ्यावं लागतं. पीसीएसचे तक्ते आणि नियम मात्र सीएमएसच्या संकेतस्थळावर दरवर्षी मोफत मिळतात. पैसे भरण्याआधी हे काम आपल्याला आवडतंय का ते इथं तपासून बघा.

इथं कोड शोधायचा नसतो, बांधायचा असतो. दुर्बिणीनं अपेंडिक्स काढलं: ०, डी, टी, जे, ४, झेड, झेड. ० म्हणजे वैद्यकीय-शस्त्रक्रिया विभाग, डी पचनसंस्था, टी रिसेक्शन, जे अपेंडिक्स, ४ त्वचेतून दुर्बिणीनं, आणि दोन झेड म्हणजे आत काही ठेवलं नाही व जादा माहिती नाही. शून्य आणि एकशी गल्लत नको म्हणून ओ आणि आय ही अक्षरं वापरतच नाहीत. खरी कसोटी तिसऱ्या जागेवर. या विभागात ३१ मूळ क्रिया आहेत आणि त्यांच्या व्याख्या कडक आहेत: अवयव पूर्ण काढला तर रिसेक्शन, थोडा काढला तर एक्सिजन, डॉक्टरांनी शब्द कोणताही वापरला असो.

नाशिकमध्ये बसून सराव कुठे

मुंबई नाका, गंगापूर रोड, नाशिक रोड या भागातल्या कॅशलेस सोय असलेल्या रुग्णालयांत टीपीए डेस्क, म्हणजे विम्याच्या क्लेमचं काम बघणारा विभाग, असतो. विम्याच्या क्लेम फॉर्मचा 'ब' भाग रुग्णालय भरतं, आणि त्यात निदानाचे आयसीडी-१० आणि प्रोसिजरचे आयसीडी-१० पीसीएस कोड लिहायला रकाने आहेत. तिथं काम करणाऱ्याला रोज डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट आणि डॉक्टरांचं अक्षर वाचावं लागतं. पुढे परदेशी कोडिंगला जायचं असलं तरी ही शिदोरी फार उपयोगी पडते, म्हणून अशा डेस्कवरची नोकरी कमी लेखू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत पॅकेजचे, म्हणजे एका उपचाराच्या ठरवून दिलेल्या संचाचे, कोड असतात. आयुष्मानच्या कोडची पहिली दोन अक्षरं शाखा सांगतात: एसजी जनरल सर्जरी, एसबी अस्थिरोग, एसई नेत्ररोग. इथं पॅकेज आधी निवडून मंजुरी घ्यायची असते आणि ठरलेले फोटो, अहवाल जोडायचे असतात. योजनेच्या रुग्णालयात रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र असतात. त्यांच्याशी बोललात तर मंजुरी कुठे अडते ते समजेल.

एक गोष्ट कडकपणे पाळा. रुग्णाच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही, सरावासाठीसुद्धा नाही. अमेरिकेत १९९६ चा हिपा कायदा आहे, आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. सरावाला छापील केस-पुस्तकं मिळतात, ती वापरा.

परीक्षा, क्लास, पहिली नोकरी

एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा भारतातून देता येते. १०० बहुपर्यायी प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळे पुस्तकातले नियम कुठल्या पानावर आहेत हे बोटांना माहीत झालेलं असावं. अनुभव नसताना उत्तीर्ण झालात तर नावापुढे 'सीपीसी-ए' लागतं, 'ए' म्हणजे अ‍ॅप्रेंटिस, शिकाऊ. अनुभवाचा पुरावा दिला की तो 'ए' निघतो. रुग्णालयाच्या बाजूचं काम करायचं असेल तर एएचआयएमए या दुसऱ्या अमेरिकी संस्थेची सीसीएस परीक्षा आहे. दिवसाला दोन तास मनापासून दिले तर सहा-आठ महिन्यांत सीपीसीला बसण्याची तयारी होते, असं माझं मत आहे.

क्लास लावायचा तर पैसे भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणा. शिकवणाऱ्यानं प्रत्यक्ष चार्ट कोड केले आहेत का? पुस्तक चालू वर्षाचं आहे का? पूर्ण ऑपरेशन नोट सोडवून घेतात की नुसत्या कोडच्या याद्या देतात? शंभर टक्के नोकरीची हमी ऐकली की लेखी मागा.

मोठ्या कंपन्यांची कार्यालयं मुख्यतः चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू, पुणे, मुंबई या पट्ट्यात आहेत. घरून काम मिळतं, पण बहुधा अनुभवानंतर. पहिलं वर्ष-दीड वर्ष पुण्या-मुंबईला काढायची मनाची आणि घरच्यांची तयारी ठेवा. तिथं रोज ठरावीक चार्ट आणि साधारण ९५ टक्के अचूकता अपेक्षित असते. मुलाखतीत विचारा: कोणत्या शाखेचे चार्ट, प्रशिक्षण किती आठवड्यांचं, ऑडिटमध्ये निघालेल्या चुका कोण समजावून सांगतं. आणि ऑफर लेटरमध्ये बाँड किती काळाचा आहे, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार आहेत का, हे बघूनच सही करा.